नदीकाठाने गेलं की चढ लागत नाही, हे खरं आहे का?

सावकाश_स्वारी

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे. उत्तरही साधंच मिळेल अशी भाबडी आशा आहे.

मी आणि नवरा सात-आठ दिवसांचा सायकलप्रवास करायचा म्हणतोय. सामान सायकलवरच, मागे दोन-दोन पॅनियर, म्हणजे कॅरियरला लटकणाऱ्या पिशव्या. अट एकच, गाड्या नकोत. मागून ट्रक आला की माझे खांदे आपोआप कानापर्यंत चढतात आणि संध्याकाळी मान धरते. पायांची कधी तक्रार नसते, मानेचीच असते. सपाटीवर दिवसाला ५०-६० किमी आरामात होतात. सामान लादून चढ मात्र अजून चढलेलो नाही.

नवऱ्याचा सिद्धांत असा: नदी धर. नदी उताराने वाहते, आपण तिच्याबरोबर वाहायचं, संपला विषय. मीही मान डोलावली होती. पण काल रात्री ऑनलाइन नकाशावर एका नदीकाठच्या वाटेचा चढ-उताराचा आलेख काढून पाहिला, तर त्यापेक्षा करवतीचे दाते बरे! नदी तर एकदाही चढत नाही, मग तिच्या कडेची वाट का चढते?

दुसरा पर्याय बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या सायकलवाटांचा. तिसरा डोंगरातल्या आडरस्त्यांचा, जिथे तासाभरात एखादी गाडी जाते. पहिल्या मोठ्या प्रवासाला यातलं काय धरावं?

शून्य_चढ

नवऱ्याचं ऐका. पुढचा प्रश्न.

मागचं_चाक

रुमाल टाकून ठेवतो. हाच प्रश्न मला गेली दोन वर्षं आहे, फक्त विचारायची लाज वाटत होती.

दातेरी_चक्र

@शून्य_चढ, तुमचं नाव वाचूनच कळलं तुम्ही काय म्हणणार ते. :)

सावकाशताई, नदीकाठची सपाट जमीन कुणीतरी आधीच बळकावलेली असते. हमरस्ता, रेल्वे, गावं, शेतं, सगळे तिथेच. सायकलवाट ही सगळ्यात उशिरा आलेली पाहुणी, तिला उरलेली जागा मिळते. दरी रुंद असते तोवर ठीक, पुराच्या मैदानातून मजेत जाता येतं. पण दरी अरुंद झाली आणि डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरली, की हमरस्ता कडा फोडून पुढे जातो आणि आपली वाट मुकाट्याने सोंडेवर चढून पलीकडे उतरते.

शिवाय ओढे. मुख्य नदीला दर दोन-चार किलोमीटरला काहीतरी येऊन मिळतंच. प्रत्येकाशी खाली उतरा, पूल ओलांडा, पुन्हा वर या. दिवसात असे वीस चढ आले आणि प्रत्येक फक्त पंधरा मीटरचा धरला, तरी तीनशे मीटर चढाई झाली. संध्याकाळी मुक्कामी उंची बघाल तर सकाळपेक्षा दहा मीटर खालीच असाल! म्हणून वाट निवडताना निघायच्या आणि पोचायच्या ठिकाणांमधला फरक बघू नका, एकूण चढाई बघा.

आणि हे बारके चढ तीव्र असतात. दहा-बारा टक्के सहज, म्हणजे शंभर मीटरला दहा-बारा मीटर वर. मूळच्या पायवाटाच त्या, माणूस चालत चढायचा, त्याला काय फरक पडणार होता? घाटाचा लांब चढ कळून-सवरून येतो, आपण गिअर हलका करून बसतो. हे मात्र वळणामागून अंगावर येतात. चुकीच्या गिअरमध्ये सापडलात की उतरून ढकला.

सावकाश_स्वारी

नवऱ्याला वाचून दाखवलं. "एखादी नदी तशी असेल," म्हणाला.

वाऱ्यावरची_वरात

तुमच्या यजमानांच्या सिद्धांताला आणखी एक भोक पाडते, माफी असावी.

"नदीबरोबर वाहायचं" म्हणजे किती उतार मिळतो ते एकदा मोजून बघा. डॅन्यूबकाठची पासाऊ ते व्हिएन्ना ही वाट सगळ्यांच्या तोंडी असते. मीही केली आहे. तीनशेहून जास्त किलोमीटर आणि दोन्ही टोकांच्या उंचीत फरक जेमतेम दीडशे मीटर. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरसुद्धा नाही, ०.०५ टक्के. एवढा उतार पायाला कळतही नाही. लोक तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात त्यात उताराचा वाटा थोडा, वाऱ्याचा जास्त. तिकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, पाठीवर घेतलेला बरा.

डोंगराळ दऱ्यांमध्ये तर गंमत उलटी होते. दिवसा उन्हाने डोंगरउतार तापतात, हवा वर उठते आणि तिची जागा भरायला दरीच्या तोंडाकडून वर वारा सुटतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तो जोरात असतो. रात्री सगळं उलट, गार हवा वरून खाली उतरते. म्हणजे तुम्ही उताराच्या आशेने नदीबरोबर खाली निघालात तर अख्खी दुपार तोंडावर वारा! मी एकदा अशाच एका दरीत, दिसायला चक्क उतार असताना, ताशी ११ किमीने पेडल मारत होते. समोरून एक गृहस्थ चढावर शिट्टी वाजवत आले आणि हात हलवून गेले. त्यांचा तो हात मी अजून विसरलेले नाही.

यालाही अपवाद आहेच. स्वित्झर्लंडमध्ये इन नदीच्या उगमाकडच्या दरीत मालोया वारा दिवसा वरून खाली वाहतो. तिथली सायकलवाट वरून खाली करणाऱ्यांना निसर्गाने दोन्ही हातांनी दिलंय.

थोडक्यात, नदीबरोबर जायचं तर पहाटे निघा, दुपारी एकच्या आत मुक्काम गाठा.

शून्य_चढ

पहाटे?? मग ट्रक बरे.

जुना_रूळ

आता माझी पाळी. या विषयावर मी घरी बोलायला लागलो की लोक उठून जातात, इथे कुणी उठलेलं मला दिसणार नाही.

ताई, डोळे मिटून रेल्वेवाट घ्या. कारण सांगतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार पटकन घसरतं, त्यामुळे वाफेच्या इंजिनाला मोठा चढ झेपायचा नाही. दोन टक्के म्हणजे ५० मीटरला एक मीटर, हीच बऱ्याच मार्गांची कमाल मर्यादा. तेवढं राखायला त्या लोकांनी डोंगर कापले, बोगदे खणले, दऱ्यांवर पूल टाकले, भराव घातले. तुम्ही आम्ही फुकटात त्यावरून जातो. दातेरी_चक्र म्हणतात ते ओढ्यांचे वीस चढ इथे नाहीत, कारण प्रत्येक ओढ्यावर पूल तयार आहे.

पण एक लक्षात घ्या, रेल्वेवाट म्हणजे सपाट वाट नव्हे. चढ असतो, तो दिसत नाही एवढंच. अमेरिकेतली ग्रेट ॲलेगेनी पॅसेज बघा. पिट्सबर्ग ते कंबरलंड, २४० किमी, सगळी जुन्या रेल्वेमार्गावर, बारीक चुनखडीच्या चुऱ्याची. मध्ये ७२९ मीटरवर जलविभाजक. पिट्सबर्गकडून आलात तर तिथपर्यंतचा पाचशे मीटरचा चढ दोनशे किमीत पसरलेला आहे, पाव टक्का. कंबरलंडकडून निघालात तर साधारण तेवढाच चढ ३८ किमीत, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. वाट एकच, दिशा बदलली की प्रवास बदलतो. दीड टक्का ऐकायला काही वाटत नाही. पण तीन-चार तास सतत, एकदाही पाय न थांबवता दीड टक्का म्हणजे काय ते माझ्या मांड्यांना विचारा. घाटात निदान वळण तरी येतं, माथा दिसतो. इथे समोर सरळ रेघ आणि आपण उगाचच हळू का चाललोय असा प्रश्न. मी दोनदा उतरून ब्रेक अडकलाय का ते तपासलं होतं.

युरोपात फेनबान. आखेन ते त्र्वाव्हिएर्ज, १२५ किमी, जर्मनी, बेल्जियम, लक्झेंबर्ग. हिची गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने हा रेल्वेमार्गच बेल्जियमला देऊन टाकला. जमीन दोन्ही बाजूंना जर्मनीची, मधली रुळांची पट्टी बेल्जियमची. त्या पट्टीमुळे तुटलेले जर्मनीचे पाच तुकडे आजही नकाशावर आहेत. रूळ गेले, सरहद्द राहिली. तुम्ही सायकल चालवता त्या वाटेचा देश वेगळा आणि शेजारच्या कुंपणाचा वेगळा!

आणि स्पेनमधली व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा. ३६ किमी, ३० बोगदे, ४ मोठे पूल. त्या मार्गावरून कधी एकही आगगाडी धावली नाही. बांधकाम झालं, पैसा आटला, रूळ पडलेच नाहीत. वाटेत साफ्रामागोनचा सुळका लागतो, त्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. मी सायकल टेकवून मान वर करून बसलो तो तासभर हललोच नाही.

बोगद्यांबद्दल अनुभवाचे बोल: पहिल्याच बोगद्यात मी गॉगल लावून शिरलो. बाहेर टळटळीत ऊन, आत एकदम गुडुप अंधार. डोळ्यांना काही दिसेना, हँडल सोडून गॉगल काढायची हिंमत होईना. छतातून थेंब टप्पकन मानेवर पडला आणि मी जो काय ओरडलो, तो आवाज बोगद्याने मला चार वेळा परत ऐकवला. पलीकडून येणारं एक कुटुंब जागीच थांबलं होतं. दिवा दाखवून म्हणाले, सगळं ठीक ना?

मागचं_चाक

हसून हसून खुर्चीतून पडलो. अजून लिहा.

आडवाट_प्रेमी

मी थोडा वेगळा सूर लावतो.

रेल्वेवाटा मीही भरपूर केल्यात. पहिला दिवस स्वर्ग. दुसरा दिवस छान. तिसऱ्या दिवशी झाडांच्या हिरव्या बोगद्यातून जाऊन जाऊन आपण कुठल्या देशात आहोत तेही आठवत नाही. रेल्वेच्या कडेला पन्नास वर्षांत झाडं माजलेली असतात, त्यामुळे दरीत असूनही दरी दिसत नाही. मार्ग कापून नेलाय तिथे दोन्ही बाजूंना भिंत. आणि ते मोठे, संथ वळण! सायकलला वळायचं असतं हो. रेल्वेचं वळण इतकं सैल की आपण वळलो हे सूर्य दुसऱ्या गालावर आला की कळतं.

डोंगर बघायला जायचं आणि डोंगर न चढता परत यायचं, हे मला तरी पटत नाही. माथ्यावर पोचलं की पलीकडची दरी एकदम उघडते, आपण आलो ती वाट खाली दोरीसारखी दिसते. ते सुख दोन टक्क्यांत नाही मिळत. आडरस्त्यावर तासाला एक गाडी आली तर काय बिघडलं? बहुतेकदा ट्रॅक्टर असतो, तो आपल्यापेक्षा फार जोरात नसतो, आणि त्याचा आवाज अर्ध्या किलोमीटरवरून येतो. ताईंच्या खांद्यांना वर चढायला भरपूर वेळ मिळेल.

जुना_रूळ

@आडवाट_प्रेमी, झाडांबद्दल मान्य, भिंतींबद्दल मान्य, वळणांबद्दलही अर्धं मान्य. पण त्या ताईंनी पहिल्या प्रवासाबद्दल विचारलंय. पहिल्याच दिवशी सामानासकट आठ टक्के चढवलंत तर दुसऱ्या दिवशी सायकल विकायला काढतील.

आडवाट_प्रेमी

मला कळवा, घेईन. :D

पंक्चरसम्राट

गाड्या नाहीत म्हणजे सगळं मोकळं, असं समजू नका. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून अशा वाटांच्या तोंडाशी अडसर लावतात. नागमोडी कठडे, खांब, कधी फिरतं फाटक. रिकामी सायकल बरोबर जाते. पॅनियर लावलेली जात नाही.

माझी कथा ऐका. दोन खांबांमधून जाताना हँडल नीट गेलं, मी खुशीत पेडल मारलं आणि मागचा डावा पॅनियर खांबाला अडकला. सायकल थांबली, मी नाही. पडल्यावर पाहिलं तर पॅनियरचा वरचा हूक तुटून खांबापाशी पडलेला. पुढचे चार दिवस ती पिशवी बुटाच्या लेसने बांधून नेली आणि दर खड्ड्याला ती टाचेला येऊन टेकायची. तेव्हापासून हँडलची रुंदी मी मोजतच नाही, पॅनियरची मोजतो. सुटे दोन हूक आणि चार केबल टायही बरोबर असतात.

आणि ज्या अडसराला सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते तिथे आधी सामान उतरवा. तीस किलोची सायकल उचलताना कंबर लचकली तर उरलेला प्रवास बसनेच.

वाऱ्यावरची_वरात

+१. आणि पायी चालणारे, कुत्री, लहान मुलं. कुत्रा वाटेच्या एका बाजूला, मालक दुसऱ्या बाजूला, मध्ये न दिसणारी बारीक दोरी. ट्रकपेक्षा मी त्या दोरीला जास्त घाबरते.

मागचं_चाक

माझ्याकडे रोडची सायकल आहे, पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दाते, मागे ११ ते २८. सामान लादून डोंगरात चालेल का? "पायात दम हवा" असं मित्र म्हणतो.

दातेरी_चक्र

मित्राला सांगा दम पायात आणि दाते चकतीत, दोन्ही लागतात.

हिशोब सोपा आहे. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेरीत अडीच मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या, त्याहून कमी केल्यात तर गुडघे बोलायला लागतात, म्हणजे ताशी ९ किमी. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो आणि चढ सात टक्के असेल, तर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायला १७५ वॉट लागतात, घर्षण वेगळंच. रोज सराव करणाऱ्याला तासभर जमेल. दिवसभर, सलग आठ दिवस? मला तरी नाही जमणार.

आता पुढे २२ आणि मागे ३४ घ्या. एका फेरीत १.४ मीटर, त्याच ६० फेऱ्यांना ताशी ५ किमी. लागणारी ताकद शंभर वॉटच्या आत. चालण्याच्या वेगाने का होईना, पण बसून, श्वास न लागता, आजूबाजूला बघत चढता. जुन्या माउंटन बाइकच्या तीन चकत्यांच्या सेटला लोक हसतात, हसू देत. डोंगरातल्या प्रवासाला त्यासारखं काही नाही.

शून्य_चढ

ताशी ५? मी रांगत जास्त जोरात जातो.

दातेरी_चक्र

वीस किलो सामान पाठीवर घेऊन रांगून दाखवा, मग बोलू.

कालवेकर

एक पर्याय सगळे विसरले. कालवा!

खरी सपाट वाट हवी तर कालव्याकाठची. पूर्वी घोडे-खेचरं काठाने चालत नावा ओढायची, त्यांचीच ती वाट. कालव्याचं पाणी दोन दारांच्या मध्ये समपातळीत, म्हणून वाटही समपातळीत. उंची बदलते ती फक्त दारापाशी, म्हणजे नावा वर-खाली करायला पाणी कोंडतात तिथे. जुना_रूळ यांनी सांगितलेली वाट कंबरलंडला संपते तिथूनच चेसापीक अँड ओहायो कालवा सुरू होतो, वॉशिंग्टनपर्यंत २९७ किमी. त्यावर ७४ दारं आहेत, एका दाराला साधारण अडीच मीटर. म्हणजे किलोमीटरच्या किलोमीटर सपाट, मग अडीच मीटरची छोटीशी उडी, पुन्हा सपाट. पायऱ्यांचा जिना आडवा ओढून लांबवल्यासारखा. उतरताना प्रत्येक दार म्हणजे फुकटची घसरगुंडी.

दोष सांगायचा तर पाऊस. मातीची वाट आहे, पावसानंतर चिखल होतो आणि मडगार्ड व चाक यांच्यामध्ये तो चिखल असा काही ठासून बसतो की चाक फिरेनासं होतं. मी काटकीने उकरत तास घालवलाय. पॉ पॉ बोगद्यात वाट इतकी अरुंद आहे की सायकल हातात धरून चालायचं. जवळजवळ एक किलोमीटर. एका हाताला कठडा, खाली काळं पाणी.

वाऱ्यावरची_वरात

पृष्ठभागाचा मुद्दा आलाच आहे तर: सामान लादलेल्या सायकलला डांबर सोडून सैल खडीवर गेलं की चाकांचा विरोध जो वाढतो, तो अर्धा टक्का चढ कायमचा जोडल्यासारखा असतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे डॅन्यूबचा जो उतार आपण मघाशी काढला त्याच्या दहापट! कागदावर सपाट दिसणारी खडीची वाट डांबरी हलक्या चढापेक्षा जास्त दमवते ती यामुळे. टायर किमान ३५-४० मिमी रुंद घ्या आणि हवा जरा कमी ठेवा.

आज्जी_पेडलवाली

मी बासष्ट वर्षांची आहे, तरुण मंडळींनो, आणि चौघी मैत्रिणी मिळून आम्ही दरवर्षी एक प्रवास करतो. अंकगणित मला येत नाही. चार गोष्टी सांगते, पटल्या तर घ्या.

गाड्या नसलेल्या वाटेवर रोजच्यापेक्षा कमी अंतर धरा. सावकाश, तुम्ही ६० किमी करता ना, तर ४५ धरा. फाटकं येतात, चालणारी माणसं येतात, पाटी चुकते, कुणीतरी फोटो काढायला थांबतं. वेळ कुठे गेला कळत नाही. पहिल्या वर्षी आम्ही ७० धरले होते, मुक्कामी रात्री साडेनऊला पोचलो आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भूक लागायच्या आधी खा. सायकलवाटा गावांना बगल देऊन जातात, रेल्वेवाटेवर तर स्टेशनं बंद. वीस-तीस किमी काहीच मिळत नाही. भूक लागली असं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. हातपाय थरथरतात आणि उगाच रडू येतं. मला आलं होतं. कारण विचाराल तर सायकलची घंटा नीट वाजत नव्हती.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. सामानाच्या वजनाने रिम तापते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि लांब उताराच्या मध्यावर थांबायची लाज बाळगू नका.

नवरा-बायको आहात म्हणून सांगते, जो हळू आहे त्याने पुढे राहायचं. मागे राहिलेला माणूस दिवसभर दुसऱ्याची पाठ बघत चिडत जातो. आमच्या ह्यांच्याबरोबर एकदाच गेले होते, म्हणून आता मैत्रिणींबरोबर जाते.

मागचं_चाक

आज्जी, तुमचा वेगळा धागा काढा. कृपया.

समपातळी_रेषा

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नातली एक गोष्ट कुणी उचलली नाही असं दिसतंय. तो करवतीसारखा आलेख.

ताई, त्यातले बरेच दाते खोटे असू शकतात. ऑनलाइन नकाशे उंची काढतात ती उपग्रहाने वगैरे मोजलेल्या जमिनीच्या जाळीवरून. त्या जाळीचा एक-एक चौकोन बऱ्याचदा तीस किंवा नव्वद मीटरचा असतो आणि त्या चौकोनाला एकच उंची. आता वाट आहे नदी आणि कडा यांच्यामध्ये, तीन मीटर रुंद. चौकोनात थोडी नदी, थोडी वाट, थोडा कडा. वाट जरा इकडे सरकली की संगणक म्हणतो नदीत, जरा तिकडे सरकली की म्हणतो कड्यावर. झाले दाते तयार. रुंद मैदानात हीच चूक जवळपास दिसत नाही, अरुंद दरीत मात्र आलेख वेडा होतो.

बोगदे आणि पूल यांचं तर विचारूच नका. संगणकाला बोगदा माहीत नसतो, तो तुम्हाला डोंगराच्या माथ्यावरून नेतो. पूल माहीत नसतो, तो तुम्हाला दरीत उतरवतो. जुना_रूळ यांची ती तीस बोगद्यांची वाट असल्या ठिकाणी टाकून बघा, भलतीच शिखरं दिसतील.

ओळखायचं कसं? आलेखात सुई उभी केल्यासारखा दाता असेल, म्हणजे शंभर मीटरमध्ये तीस मीटर चढ आणि लगेच तेवढाच उतार, तर त्या जागी नकाशा मोठा करून बघा. बोगदा, पूल किंवा कडा सापडेल. आणि समोच्चरेषांचा नकाशा उघडा. वाट किती रेषा खरोखर कापते ते बोटाने मोजा. दातेरी_चक्र म्हणतात ते ओढ्यांचे चढ खरे आहेतच, पण ते रेषांमध्ये दिसतील. न दिसलेले दाते सोडून द्या.

दातेरी_चक्र

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी गेल्या वर्षी एक वाट "१४०० मीटर चढाई" बघून रद्द केली होती. तिच्यावर सहा बोगदे होते. अरे देवा.

सावकाश_स्वारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री समोच्चरेषा घेऊन बसलो, नवरा बोटाने मोजतोय आणि मी लिहून घेतेय असं चाललं होतं. माझ्या त्या करवतीतले निम्म्याहून जास्त दाते खोटे निघाले. तरी उरलेले अकरा खरे आहेत हे त्याने कबूल केलं, हे या धाग्याचं यश.

तर ठरलं असं: फेनबानपासून सुरुवात, आखेनहून. पहिला दिवस सतत हलका चढ आहे हे आता माहीत आहे, त्यामुळे ब्रेक तपासायला उतरणार नाही. १२५ किमीला तीन दिवस, आज्जींचा सल्ला मानून. मग त्र्वाव्हिएर्जपासून दोन दिवस डोंगरातले आडरस्ते, @आडवाट_प्रेमी, तुमच्यासाठी. ऊर नदीच्या दरीत उतरायचं, ती झाउअरला मिळते, झाउअर मोझेलला. शेवटचे दोन-तीन दिवस मोझेलकाठाने खाली. ट्रियर ते कोब्लेंझ सरळ रेषेत ९५ किमी आहे आणि नदी वळसे घेत घेत १९० करते, म्हणून आम्ही जमेल तेवढंच करणार. पुढची चकती २२ ची बसवायला टाकली आहे. पॅनियरची रुंदी मोजली, ६१ सेंमी.

आडवाट_प्रेमी

वा! दुसऱ्या डोंगरावरून फोटो टाका. सायकल विकायची झाली तर मी आहेच.

नदी_धर

नमस्कार. मी तो नवरा. या धाग्यासाठीच खातं उघडलं आहे.

मोझेलचे शेवटचे दिवस माझ्या आग्रहाखातर आहेत, हे नोंदवून ठेवावं. पहाटे निघायची माझी तयारी आहे, बायकोची नाही. दोन शंका: आज्जींच्या नियमाप्रमाणे जो हळू त्याने पुढे राहायचं, पण दोघांनाही दुसराच हळू वाटत असेल तर? आणि बोगद्यात शिरताना घंटा वाजवावी का?

आज्जी_पेडलवाली

पहिल्या शंकेचं उत्तर: बायको पुढे.

जुना_रूळ

दुसरीचं: वाजवा. आणि गॉगल बाहेरच काढा.